गाड्यांची जत्रा आणि मुलांचे मैदान
(एस. वाय. बी. ए.)

आमच्या घरात गाडी नाही. पण गाड्यांवर आमचे घर चालते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये मेस्त्री आहेत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. कॉलेजचे तोंड पाहणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला ‘भांडवल’ हा शब्द आला की माझ्या डोळ्यांसमोर अण्णांची पान्यांची पेटी येते.

त्या गॅरेजच्या भिंतीवर एक जुने कॅलेंडर आहे. वर्ष कधीच उलटून गेले, पण अण्णांनी ते उतरवले नाही. कारण त्यावर एका अमेरिकन गाडीचे चित्र आहे. आकाशी रंगाची, लांबलचक, मागच्या बाजूला माशाच्या परासारखे दोन उंच पंख असलेली. हे पंख १९४८ च्या कॅडिलॅक गाडीवर प्रथम आले आणि १९५९ साली ते सर्वांत उंच झाले, हे मला नंतर कळले. दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांचा डबा घेऊन गेले असताना सहज विचारले,

“अण्णा, असल्या गाड्या अजून चालत असतील का हो?”

“सांभाळणारा असला की चालती गाडी,” अण्णा गाडीखालूनच म्हणाले. “तिकडं अशा जुन्या गाड्यांची जत्रा भरती म्हणत्यात. त्यातनं धर्मादाय पैसा पण काढत्यात.”

जत्रा आणि धर्मादाय हे दोन्ही शब्द माझ्या ओळखीचे. पण गाड्यांची जत्रा भरवून पैसा कसा निघतो, हे काही केल्या कळेना. म्हणून आधी वाचनालयात आणि मग मोबाइलवर मी माहिती शोधत गेले. जे समजले ते माझ्या कुवतीप्रमाणे येथे मांडत आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

अमेरिकेत अशा प्रदर्शनांची प्रथा गावोगावी आहे. एखाद्या चर्चच्या, शाळेच्या किंवा अग्निशामक दलाच्या आवारात सुट्टीच्या दिवशी सकाळपासून लोक आपल्या जुन्या गाड्या आणून रांगेत लावतात. प्रत्येकाची गाडी धुऊनपुसून आरशासारखी लखलखीत केलेली असते. बोनेट मुद्दाम उघडे ठेवतात, म्हणजे इंजिन दिसावे. मालक शेजारी घडीची खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाडी कुठे मिळाली, कोणता सुटा भाग किती वर्षे शोधला, हे कौतुकाने सांगतो. आपल्याकडे बैलपोळ्याला शेतकरी बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा असतो ना, तसाच थोडासा हा प्रकार.

आता यातून पैसा कसा उभा राहतो ते पाहू. पहिला मार्ग म्हणजे प्रवेश-फी. गाडी मांडणाऱ्याने ठरावीक रक्कम भरायची. काही ठिकाणी पैशांऐवजी डबाबंद अन्न किंवा एक नवे खेळणे घेतात व ते गरजू कुटुंबांना देतात. दुसरा मार्ग खाद्यपदार्थांच्या विक्रीचा. तिसरा मार्ग सोडतीचा. या सोडतीची एक रीत मला फार गमतीची वाटली. तिकिटांचे जेवढे पैसे जमतील त्यातील निम्मे विजेत्याला आणि निम्मे सत्कार्याला. म्हणजे बक्षीस विकत आणावे लागत नाही आणि लोभ व धर्म एकाच डब्यात नांदतात! चौथा मार्ग म्हणजे गावातल्या दुकानदारांकडून मिळणारी देणगी. त्याच्या नावाची पाटी लागते, त्याची जाहिरात होते आणि आयोजकांचा करंडकांचा खर्च वाचतो.

उदाहरणादाखल आपणच एक हिशेब मांडू. समजा, शंभर गाड्या आल्या व प्रत्येकीची फी वीस डॉलर ठेवली, तर २,००० डॉलर जमले. खाण्याच्या दुकानातून ५०० उरले. सोडतीत ६०० जमले, त्यातले ३०० कार्याला मिळाले. एकूण झाले २,८००. आता मंडप, विमा, छपाई आणि करंडक यांसाठी ९०० गेले, तर हाती राहिले १,९००. पण मंडप कोणी फुकट उभारून दिला, करंडक दुकानदाराने दिले व खर्च ३०० वर आला, तर हाती २,५०० राहतात. गाड्या तेवढ्याच, माणसे तेवढीच; फरक पडला तो लोकांनी दिलेल्या फुकटच्या श्रमांमुळे. हा हिशेब मांडल्यावर मला समजले की, अशा कार्यक्रमाचे खरे भांडवल म्हणजे सकाळी सहाला येऊन खुर्च्या मांडणारी आणि रात्री कचरा उचलणारी माणसे. गाडी त्यांना एकत्र यायला निमित्त देते.

अशाच एका निमित्ताची हकीकत आता सांगते. तिच्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

अमेरिकेत मिशिगन राज्यात डेट्रॉइट नावाचे शहर आहे. मोटारींची राजधानी म्हणून ते जगात प्रसिद्ध झाले. या शहरातून वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा एक मोठा रस्ता वायव्येकडे पॉन्टिॲक गावापर्यंत जातो. शहराची हद्द संपली की या रस्त्यावर पहिले गाव लागते ते फर्नडेल. तेथे नेल्सन हाउस नावाचे एक प्लंबर राहत. गावातल्या मुलांना फुटबॉल खेळायला मैदान हवे होते आणि मैदानाला पैसा हवा होता. श्रीमंतांच्या दारी जाण्याऐवजी हाउस व त्यांच्या सोबत्यांनी वेगळीच युक्ती काढली. १९५० आणि १९६० च्या दशकांत याच वुडवर्ड रस्त्यावर तरुण पोरे संध्याकाळी गाड्या घेऊन निघत. गाडीत बसूनच खाणे मागवता येईल अशी उपाहारगृहे रस्त्याच्या कडेला होती. एका उपाहारगृहापासून दुसऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे, गाड्या दाखवायच्या आणि सिग्नलवर शर्यती लावायच्या, हा त्यांचा छंद. ती पोरे आता मध्यमवयीन झाली होती. त्यांना म्हणायचे, काढा आपल्या जुन्या गाड्या आणि एक दिवस पुन्हा या रस्त्यावर फिरवा. त्या निमित्ताने मैदानासाठी निधी गोळा करू.

ऑगस्ट १९९५ मध्ये हा बेत पार पडला. त्याला ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ असे नाव दिले होते. क्रूझ म्हणजे रमतगमत फेरी. आयोजकांच्या अंदाजाच्या जवळजवळ दहापट, सुमारे अडीच लाख माणसे त्या दिवशी लोटली. एका गावच्या मैदानासाठी काढलेल्या फेरीला पंढरीच्या वारीचे रूप आले म्हणा ना! तेव्हापासून दर वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ही फेरी निघते. २०२० साली साथीमुळे खंड पडला, तो २०२१ मध्ये भरून निघाला. फर्नडेल ते पॉन्टिॲक या सुमारे सोळा मैलांच्या पट्ट्यात चाळीस हजारांच्या आसपास गाड्या आणि दहा लाखांच्या आसपास माणसे जमतात, असे आयोजकांचे सांगणे आहे. बघायला तिकीट नाही. लोक रस्त्याच्या कडेला गवतावर खुर्च्या टाकून बसतात आणि गाड्या त्यांच्यासमोरून जातात. वाटेवरच्या गावांतील शाळा, चर्चे व सेवाभावी मंडळे त्या दिवशी पाणी, खाद्यपदार्थ, टी-शर्ट विकून किंवा आपल्या आवारात वाहने लावू देऊन आपापल्या कार्यासाठी पैसे मिळवतात. मोठ्या मोटार कंपन्याही आता पुरस्कर्त्या म्हणून पुढे येतात.

जत्रा वाढली की खर्चही वाढतो, हे ओघाने आलेच. पोलीस बंदोबस्त, रस्त्याची सफाई, तात्पुरती शौचालये हे सारे आले. यात्रेचे उत्पन्न मोठे दिसते, पण देवळाच्या जीर्णोद्धाराला काय उरले हे जमाखर्च पाहिल्याशिवाय कळत नाही, अशी आपल्याकडेही स्थिती असते. म्हणून धर्मादाय प्रदर्शन पाहताना ‘किती जमले’ याबरोबर ‘किती पोहोचले’ हेही विचारले पाहिजे.

या वुडवर्डच्या जत्रेशेजारी ठेवून पाहावे असे दुसरे एक प्रदर्शन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे भरते. त्याचा आरंभ १९५० साली मोटारींच्या शर्यतीला जोडून झाला. १९५६ मध्ये शर्यतीत एका चालकाचा मृत्यू झाल्यावर तेथील शर्यत बंद पडली. प्रदर्शन मात्र राहिले. समुद्राकाठच्या गोल्फच्या हिरवळीवर जगातल्या अतिदुर्मिळ गाड्या मांडतात. परीक्षक एकेका स्क्रूपर्यंत तपासणी करतात. २०१२ साली तर आपल्याकडच्या महाराजांनी पूर्वी बनवून घेतलेल्या गाड्यांचा खास विभाग तेथे होता. तिकीट शेकडो डॉलरांचे असते. ते बहुधा ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी भरते, म्हणजे बहुतेक वर्षी वुडवर्डच्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी! आजवर या प्रदर्शनातून तीन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम धर्मादाय कामांना मिळाली आहे. ही रक्कम लहान नाही. श्रीमंतांची हौस म्हणून तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. त्या पैशातून कोणाची तरी फी भरली जाते, कोणाला तरी औषध मिळते. पण अण्णांना या दोहोंपैकी कोठे जायला आवडेल, असा विचार केला तेव्हा उत्तरासाठी मला थांबावे लागले नाही. जेथे रस्त्याच्या कडेला बसता येते, तेथेच.

येथवर वाचून मी खूश होते. मग नकाशा पाहिला आणि विचारात पडले.

डेट्रॉइटच्या परिसरात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना मैलांची नावे आहेत. सहा मैल रस्ता, सात मैल रस्ता, आठ मैल रस्ता. यांपैकी आठ मैल रस्ता ही शहराची उत्तरेकडील हद्द. बरीच वर्षे ती गोऱ्या आणि काळ्या वस्तीमधलीही हद्द मानली गेली. ड्रीम क्रूझ या हद्दीच्या उत्तरेला सुरू होते व तेथून उत्तरेकडेच जाते. पण वुडवर्ड रस्ता तर दक्षिणेलाही आहे. अमेरिकेतील काँक्रीटच्या रस्त्याचा पहिला मैल १९०९ साली तयार झाला, तो याच वुडवर्डवर, सहा मैल आणि सात मैल रस्त्यांच्या दरम्यान. त्याच्याही थोडे दक्षिणेला, चहूबाजूंनी बहुतांशी डेट्रॉइटने वेढलेले हायलँड पार्क नावाचे छोटे शहर आहे. तेथे वुडवर्डच्या कडेलाच फोर्डचा जुना कारखाना आहे. १९१३ साली या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडण्याची पद्धत सुरू झाली. पूर्वी एक सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते काम ९३ मिनिटांवर आले. १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि हजारो माणसे दारात उभी राहिली. सामान्य माणसाला गाडी परवडू लागली, तिची सुरुवात ही येथे.

पुढे कारखाने हलले, वस्ती हलली. १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉइटमध्ये मोठा उद्रेक झाला, त्यात ४३ माणसे मेली. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०२० च्या शिरगणतीत सहा लाख चाळीस हजारांच्याही आत आले. २०१३ साली महापालिकेने दिवाळे जाहीर केले. आणि हायलँड पार्कमध्ये तर २०११ साली विजेचे बिल थकल्यामुळे हजाराहून अधिक रस्त्यावरचे दिवे खांबांसकट काढून नेण्यात आले. ज्या रस्त्याने जगाला मोटारी दिल्या, त्याच रस्त्यालगतच्या गल्ल्या अंधारात गेल्या. पुढे तेथील काही रहिवाशांनी वर्गणी गोळा करून सौर दिवे उभे करायला सुरुवात केली.

मी फेरीच्या आयोजकांना दोष देत नाही. नेल्सन हाउस यांनी आपल्या गावच्या पोरांसाठी मैदान मागितले. साऱ्या डेट्रॉइटचे दुःख त्यांच्या एकट्याच्या गळ्यात घालणे न्यायाचे नाही. परंतु सोळा मैलांची जत्रा जेथे सुरू होते, तेथून काही मैलांवर गाडी घडवणाऱ्यांची वस्ती आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. प्रदर्शनात चकाकणारा पत्रा दिसतो. तो ठोकून सरळ करणारा हात क्वचित दिसतो. मेस्त्रीच्या मुलीला हे दिसले नाही तर कोणाला दिसणार?

मला सर्वांत भावली ती हाउस यांनी मागितलेली वस्तू. ते का, हे सांगण्यासाठी स्वतःची एक आठवण सांगणे भाग आहे.

मी आठवीत होते. तालुक्याच्या गावी गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी एका मंडळाने ऑर्केस्ट्रा ठेवला होता. मध्यंतरात आम्हा मुलांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली. ‘गरीब व होतकरू’ असे म्हणून माझे पूर्ण नाव आणि मागाहून अण्णा काय काम करतात तेही सांगितले. पाहुण्यांच्या हस्ते मला सहा वह्या व एक कंपासपेटी मिळाली. छायाचित्र नीट आले नाही म्हणून मला वह्या परत द्याव्या लागल्या, आणि त्या पाहुण्यांनी मला पुन्हा दिल्या. टाळ्या मात्र एकदाच झाल्या. अण्णा गॅरेजमधून परस्पर आले होते. हात धुतलेले असले तरी नखांतले ग्रीस निघत नाही. ते हात मागे बांधून अगदी शेवटच्या रांगेमागे उभे होते. सायकलवरून घरी येताना ते एवढेच म्हणाले, “वह्या चांगल्या हायत.” वह्या खरोखरच चांगल्या होत्या. मी त्या पानही फुकट न घालवता वापरल्या. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मी तेव्हाही जाणत होते आणि आजही मानते. तरी ते छायाचित्र आमच्या घरात लावलेले नाही.

म्हणून मैदान ही वस्तू मला इतकी आवडली. मैदान कोणाचे नाव पुकारत नाही. प्लंबरचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा त्यावर सारखेच धावतात, सारखेच चिखलात पडतात. मदत सर्वांच्या उपयोगाची झाली की घेणारा वेगळा उभा राहत नाही.

ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांनी ‘मुष्टिफंड’ काढला. घरातल्या बाईने धान्यातून एक मूठ बाजूला ठेवायची आणि ती वसतिगृहाला द्यायची. एका मुठीने कोणाचे घर रिकामे होत नाही. पण सगळ्या मुठी एका पोत्यात पडल्या की कोणती मूठ पाटलाची आणि कोणती मजुराची हे सांगता येत नाही. आणि त्या भाकरीवर जेवणाऱ्या मुलालाही आपण अमक्याचे मिंधे आहोत असे वाटण्याचे कारण उरत नाही. वुडवर्डच्या रस्त्यावर गाडी आली, आपल्याकडे ज्वारीची मूठ आली. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने आणले.

आता थोडे आपल्या कॉलेजविषयी. दर वर्षी स्नेहसंमेलनात आपण आनंदमेळा भरवतो. भेळ, सरबत, रिंग टाकण्याचा खेळ यांतून जे उरते ते गरीब विद्यार्थी निधीला जाते. या निधीतून गेल्या वर्षी माझ्या परीक्षेच्या फीचा काही भाग भरला गेला, हे सांगायला मला आज संकोच वाटत नाही. ऑफिसात एका सहीनिशी ते काम झाले. कोणी नाव पुकारले नाही, याबद्दल मी आभारी आहे. म्हणूनच, वयाने व ज्ञानाने लहान असूनही, दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आनंदमेळ्याचा जमाखर्च नोटीसबोर्डावर लावावा; रक्कम मोठी नसली तरी चालेल, पण ज्याने दहा रुपयांची भेळ घेतली त्याला आपले दहा रुपये कुठे गेले ते दिसावे. दुसरी, निधीचा काही भाग दर वर्षी सर्वांच्या वापराच्या वस्तूंवर खर्च करावा. वाचनालयात क्रमिक पुस्तकांचे दोन जादा संच आले, तर ज्याला पुस्तक परवडत नाही त्याला ते मागताना आपली परिस्थिती सांगावी लागणार नाही. तो फक्त ओळखपत्र दाखवील.

हा लेख पुरा झाल्यावर मी तो अण्णांना वाचून दाखवला. वह्यांचा भाग आला तेव्हा ते काही बोलले नाहीत. फर्नडेलचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. शेवटी म्हणाले, “त्या प्लंबरनं मैदान मागितलं, हे बेस केलं. आमच्या गॅरेजात एवढ्या गाड्या येत्यात, पण असलं काय सुचलं न्हाई बघ.”

पुढच्या स्नेहसंमेलनाआधी या दोन सूचनांवर आपल्या विद्यार्थी मंडळाने विचार केला, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन. आनंदमेळ्यात खुर्च्या मांडायला आणि शेवटी कचरा उचलायला माझे नाव आत्ताच लिहून घ्यावे.